तिघींचा तंबू

९ जानेवारी

सूनबाई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. दोन ओळी तब्येतीच्या, एक हवामानाची, आणि उरलेल्या एका ओळीत प्रश्न: मुंगी रात्री नीट झोपते ना? पूल बांधणारी बाई तू, शब्दसुद्धा सिमेंटसारखे मोजून वापरतेस. माझं तसं नाही. मला एक गोष्ट सांगायची तर आधी दहा सांगाव्या लागतात, हे तुला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

तर मुंगी झोपते. आपल्या जागेवर झोपते. काळजी करू नकोस.

पत्र कशाला, रविवारी फोन असतो की, असं तू म्हणशील. फोनवर आधी तुझा नवरा बोलतो, मग मुंगी बोलते, आणि माझ्या हातात येईपर्यंत आपल्या दोघींचं "बरी आहेस ना", "बरी आहे, तुम्ही?" एवढंच उरतं. त्यापुढे आपली गाडी जात नाही. जाताना दारात जे झालं ते झालं. अकरा वर्षांच्या मुंगीला ठेवून लांबच्या पुलाच्या कामावर निघालीस म्हणून मी बोलले, तू ऐकून घेतलंस आणि निरोप न घेता पायऱ्या उतरलीस. मी बोललेलं परत घेत नाही. पण पत्र लिहायला कुणाची बंदी नाही, आणि मला सांगायला बातमी आहे.

मी तंबू समितीवर आहे.

मुलांच्या ज्या मंडळात मुंगी जाते त्याचं शिबिर मार्चमध्ये आहे, तळ्याकाठच्या माळावर. परवा पालकांच्या सभेत जुन्या तंबूंच्या पिशव्या उघडल्या. आत उंदरांचं बिऱ्हाड. एकाचं कापड कुरतडलेलं, दुसऱ्याच्या दांड्या तिसऱ्याच्या पिशवीत, आणि तिसरा कुठे आहे कुणाला पत्ता नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले. मला ते बघवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, यंदा पोरं उघड्यावर झोपणार असतील तर तसं आधी सांगा, मी घरच्या छत्र्या देते. सगळे हसले. हसले आणि मला समितीवर घेतलं. तोंड उघडलं की काम गळ्यात पडतं, हे साठी उलटली तरी माझ्या लक्षात राहत नाही.

समितीत आम्ही तिघं. एक कर्नल. फौजेत ते कधीच नव्हते, बँकेत रोखपाल होते, पण गळ्यात कायम शिट्टी असते आणि साधं "बसा" म्हणाले तरी लोक उभे राहतात. दुसरी आपल्या कोपऱ्यावरची औषधवाली, जी कुठे दुखतंय ते ऐकायच्या आधी गोळी काढून देते. तिसरी मी.

पहिल्याच बैठकीत दोघांचं वाजलं. कर्नलला हवेत दोन मोठे तंबू, जाड ताडपत्रीचे, सगळ्या मुली एकात आणि सगळे मुलगे दुसऱ्यात, सोबत एकेक मोठं माणूस. औषधवालीला हवेत छोटे, तिघा-तिघांचे, पोरांनी स्वतः उभे करायचे आणि स्वतःच त्यात झोपायचं. मोठ्यांनी आपलं वेगळं झोपायचं. मी कर्नलच्या बाजूची. पोरींजवळ मोठं माणूस असलेलं बरं, आणि ते मोठं माणूस मीच होणार आहे.

तुझी सासू


१९ जानेवारी

सूनबाई,

दिवाणखान्यात तंबू उभा आहे. उभा आहे आणि निघत नाही.

पहिल्यापासून सांगते. दुकानदाराला विचारलं तर त्याचा प्रत्येक तंबू वादळात टिकतो आणि एका हाताने लागतो. म्हणून कर्नलने नियम काढला, की प्रत्येकाने एकेक नमुना घरी न्यायचा आणि घरातल्या एका पोराला हाताशी घेऊन उभा करून बघायचा. सूचनांचा कागद वाचायचा नाही, कारण शिबिरात तो कागद पहिल्या दिवशीच हरवतो. कर्नलच्या घराला गच्ची आहे, औषधवालीला अंगण आहे. आपण तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, आमचा दिवाणखाना काय वाईट आहे?

सोफा भिंतीला लावला, टेबल तुमच्या खोलीत ढकललं. मुंगीने पिशवी उलटी केली. आतून दोन लांब दांड्या निघाल्या, तुकड्यातुकड्यांच्या, पोटात रबराची दोरी. झटकली की तुकडे एकात एक बसतात. एका दांडीच्या टोकाला लाल पट्टी आणि कापडावर ती जिथे जायची तिथेही लाल. दुसरी निळी. मुंगी म्हणाली, "आजी, हे सोपं आहे, तू फक्त धरून ठेव." मी धरून ठेवलं. चहाचं पाणी गॅसवर ठेवून आले होते, ते उकळायच्या आत घरात छोटं घर उभं राहिलं.

राहिल्या दोऱ्या. खुंट्या ठोकायच्या तर खाली फरशी. एक दोरी कपाटाच्या कडीला बांधली, एक खिडकीच्या गजाला, एक शिवणयंत्राच्या पायाला. चौथीला काही मिळेना. तुझे सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मुंगीने दोरी खुर्चीच्या पायाला बांधली आणि म्हणाली, "आजोबा, आता उठायचं नाही."

ते म्हणाले, "मी तसाही कुठे उठतो?"

त्या संध्याकाळी ते इतके मनापासून खुंटी झाले की चहासुद्धा जागेवर मागवला.

इथपर्यंत सगळं छान. मग तुझा नवरा ऑफिसातून आला. तो माझाही मुलगा आहे, हे मी नाकारत नाही. त्याने दांडी हलवून बघितली, म्हणाला, "सांधे ढिले वाटतात." मी ताटं घेत होते, माझं लक्ष नव्हतं. तेवढ्यात या शहाण्याने फुटक्या कपबशा जोडायचा तो डिंक आणला आणि दिसेल त्या सांध्यात ओतला. दांडीची टोकं कोपऱ्यात ज्या भोकात बसतात तिथेही ओतला. वर मला सांगतो, "आई, आता जन्मभर हलणार नाही."

खरंच हलत नाही. दांड्या सुटत नाहीत, कापड निघत नाही, आणि उभाच्या उभा तंबू आपल्या दारातून जात नाही. तो नमुन्याचा आहे, दुकानात परत द्यायचा आहे. तंबूला पुढे-मागे दोन दारं आहेत हे नशीब, कारण आता स्वयंपाकघरात जायचं तर पुढून आत शिरायचं आणि मागून बाहेर पडायचं. काल खालच्या मजल्यावरची शेजारीण साखर मागायला आली. मी तंबूची चेन उघडून "या" म्हटलं तर ती साखर न घेताच गेली.

मुंगीची मात्र चंगळ आहे. अंथरूण, पुस्तकं, विजेरी सगळं आत नेलंय. ती तिथेच झोपते, एकटी. छान झोपते.

तुझी सासू


२८ जानेवारी

सूनबाई,

घाईत लिहिते आहे. तंबू सुटला.

दुकानदार स्वतः आला. मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार. त्याने तंबूभोवती एक चक्कर मारली, डिंक नखाने खरवडून बघितला आणि विचारलं, "कुणी केलं?" तुझा नवरा न्हाणीघरात जाऊन बसला होता, तो बाहेर आलाच नाही. दुकानदाराने दांड्या करवतीने कापल्या, कोपऱ्याच्या पट्ट्या बदलल्या, पिशवीतून नव्या दांड्या काढून सरकवल्या आणि तंबू होता तसा केला. मी विचारलं, या दांड्या सुट्या मिळतात का. तो म्हणाला, दांड्या मिळतात, चेन मिळते, तळाला भोक पडलं तर ठिगळही मिळतं. मी हे समितीला सांगितलं. पोरांच्या हातात जे जाणार ते मोडणारच, मग मोडल्यावर काय हा प्रश्न आम्ही कुणी विचारलाच नव्हता. तुझ्या नवऱ्याचा असा एकदा तरी उपयोग झाला.

औषधवालीचं काय झालं ते ऐक. तिने आणला होता तो उडता तंबू. पिशवीतून काढून हवेत फेकला की आपोआप उघडतो, खाली पडेपर्यंत तयार. मुलं टाळ्या वाजवतात. पण मिटायचा कसा ते बनवणाऱ्यालाच माहीत. औषधवालीने मिटून बघितला, तिच्या नवऱ्याने मिटून बघितला, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तिने कामाला लावलं. एक बाजू दाबली की दुसरी तोंडावर येते. शेवटी दोघं नवराबायको तो तसाच उघडा डोक्यावर घेऊन भर बाजारातून दुकानापर्यंत गेली. दुकानदाराने तो कसाबसा मिटला आणि म्हणाला, "बाई, हा तुम्हीच ठेवा." फुकटचा आहे म्हणून ती तो शिबिराला आणणार आहे.

आत्ताच तुझं पाकीट आलं. जाड आहे. संध्याकाळी निवांत वाचते.

तुझी सासू


४ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठवडा लावला. हात दुखत होता असं लिहिणार होते, पण दुखत नव्हता.

म्हणजे तुझ्या नवऱ्याने सांगितलं तर. त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून असाच. ठीक आहे. त्याने सांगितलं ते खरं आहे. तू गेल्यापासून मुंगी माझ्या शेजारी झोपते, माझ्या झग्याची बाही मुठीत धरून. मी कूस बदलली तरी जागी होते. दिवाणखान्यातल्या तंबूत रोज हौसेने जायची, आणि आमचा डोळा लागतो न लागतो तोच उशी घेऊन माझ्याकडे यायची. एकही रात्र सलग झोपली नाही. "आपल्या जागेवर झोपते" असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. जागा कुठली ते लिहिलं नाही. तंबूत छान झोपते हे मात्र साफ खोटं लिहिलं.

आता तुझ्या चार पानांबद्दल. राजीनामा लिहून ठेवला आहेस. पुलाचं काम दोन्ही काठांकडून येऊन मधे जुळायचं आहे, त्याला अजून सहा-सात महिने लागतील, आणि तोवर पोर अशीच झुरणार असेल तर तू ते दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन येणार. शिबिरात ती तीन रात्री कशी राहते ते बघून मी तुला खरं काय ते कळवायचं. मी म्हणेन तसं तू करणार. पुढे लिहिलं आहेस, "तुम्ही खोटं सांगणार नाही हे मला माहीत आहे, कारण माझ्या तोंडावर तुम्ही कधी गोड बोलला नाहीत."

हे वाक्य मी तुझ्या सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सून हुशार आहे."

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. मी म्हणत होते तेच झालं, पोरीला आई लागते, आता ये घरी. तुझे सासरे म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, झालं. आणि मग स्वयंपाकात लक्ष लागेना. भाजी करपली, ती तशीच वाढली, कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

खरं ते कळवीन. कबूल.

तुझी सासू

ता. क. मी अजून मोठ्या तंबूच्याच बाजूची आहे. आता कारण तुला कळलं असेलच.


१७ फेब्रुवारी

सूनबाई,

काल मैदानावर परीक्षा झाली. तंबूंची.

आधी पाण्याची. कर्नलने बागेला पाणी घालायची नळी आणली. तंबूत कुणीतरी बसून गळतंय का ते बघायला हवं. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी पेपर घेऊन आत बसले आणि बाहेरून कर्नल नळी धरून गोल फिरले. पहिला, दुकानदाराने दिलेला आणखी एक छोटा नमुना, शिवणीपाशी गळला, नेमका माझ्या मानेवर. मी आतून ओरडले, "नापास." दुसरा, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला, कोरडा राहिला. त्याला वर एक वेगळं कापड येतं, आतल्या कापडाला न टेकणारं, आणि तळ कडेने वीतभर वर उचलून शिवलेला. मी पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती वाचून संपवल्या तरी अंगावर थेंब नाही. कर्नलची मोठी ताडपत्रीही कोरडी राहिली, हेही सांगायला हवं. ती आपल्या आजोबांच्या वयाची असावी, पण अजून शंभर वर्षं टिकेल.

मग उभारायची परीक्षा. आधी मोठा तंबू. कर्नलने शिट्टी वाजवली आणि आठ बाप पुढे आले. मधला खांब धरायला चार, दोऱ्या ओढायला चार. एक म्हणतो ओढ, दुसरा म्हणतो सोड. दोनदा पडला. एकदा आत दोन बाप होते, ते शोधून काढावे लागले. मुलं लांब ओळीने उभी होती, हाताची घडी घालून. त्यांना कुणी हात लावू देत नव्हतं आणि खांब एवढा जड की देणंही बरोबर नव्हतं. मी मुंगीकडे बघत होते. ती जांभई देत होती.

मग छोटे. मुंगी आणि तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी पुढे आल्या. एक उंच आहे आणि एक सारखी शिंकते. मुंगीने पिशवी उलटी केली, दांड्या झटकल्या, म्हणाली, "लाल तू घे, निळी मी, तू मधे थांब, ओढू नकोस, ढकल." तीच मुंगी, जी अंघोळीला पाणी आपल्या हाताने काढत नाही. दोरी बांधताना उंच पोरीचं चुकलं तर तिला रागावली नाही, सोडून पुन्हा बांधून दाखवलं. तंबू उभा राहिला. तिघी आत गेल्या, चेन लावली, आणि आतून हसण्याचा आवाज यायला लागला. बाहेर आठ बाप अजून मोठ्या तंबूच्या दोऱ्यांशी झटत होते.

चहा झाल्यावर मतं घेतली. कर्नल मोठ्याला, औषधवाली छोट्याला. राहिले मी. माझ्या हातात सगळं होतं, सूनबाई. मोठ्याला हात वर केला असता तर मुंगी तिन्ही रात्री माझ्या बाहीला धरून झोपली असती. मी तुला खरंच लिहिलं असतं, की ती अजून एकटी झोपत नाही, ये. एक अक्षर खोटं लिहावं लागलं नसतं.

मुंगी जवळ येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, "आजी, तू कुणाकडून?"

मी छोट्याला हात वर केला. कर्नलनी विचारलं, "आयत्या वेळी बदललंत, कारण?" मी म्हटलं, गळत नाही, सुटे भाग मिळतात, आणि उभारायला बाप लागत नाहीत. कर्नल हसले आणि म्हणाले, "मंजूर." माणूस शिट्टीएवढा वाईट नाही.

घरी आल्यावर मी तुझ्यावर फार चिडले. का ते मलाही सांगता येत नाही. पोरीचा हट्ट, माझं मत, आणि राग तुझ्यावर. तू लांब आहेस म्हणून सोपं पडतं.

तुझी सासू


८ मार्च, माळावरून

सूनबाई,

हे बटाट्यांच्या पोत्यावर बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे. काल आलो. मुलांनी सगळे तंबू स्वतः लावले. मी मुंगीच्या तंबूकडे मदतीला गेले तर शिंकणारी पोरगी म्हणाली, "आजी, आमचं झालं." मग मी औषधवालीबरोबर त्या उडत्या तंबूत बिऱ्हाड केलं. पाय आत घेतले की डोकं बाहेर राहतं.

रात्री मी चेन अर्धी उघडी ठेवली होती. विजेरी दारात लावून ठेवली, म्हणजे तिला वाट दिसेल. शेजारी जागा केली. औषधवाली म्हणाली, "कुणी पाहुणे येणार आहेत का?" मी तिला झोप म्हटलं.

कुणी आलं नाही.

सकाळी मुंगी नळावर दात घासताना सापडली. डोळे सुजलेले. विचारलं, "झोपलीस?"

"आधी रडले थोडी. मग झोप लागली."

"मला हाक का नाही मारलीस?"

"तू लांब होतीस."

"एवढी काही लांब नव्हते."

"मग काय, रडता रडता ओरडू?" असं म्हणाली, चूळ भरली, आणि नाश्त्याच्या रांगेत पुढे घुसायला पळाली. तिथे तिला कर्नलनी शिट्टी मारून मागे पाठवलं.

एका रात्रीवरून मी काही ठरवत नाही. पहिला दिवस नवलाईचा असतो. अजून दोन रात्री आहेत.

तुझी सासू


११ मार्च

सूनबाई,

आलो घरी. अंग आंबलंय, पण आज लिहिलं नाही तर तू वाट बघत बसशील आणि तिकडे काहीतरी भलतंच करशील.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. साधा नाही, डोळ्यांत माती घालणारा. मुलं तळ्यावर होती, ती धावत आली आणि ज्याने त्याने आपल्या तंबूच्या दोऱ्या ताणल्या, खुंट्या दगडाने ठोकल्या. तंबू वाऱ्यात वाकत होते, पुन्हा सरळ होत होते. एकही पडला नाही. मी समितीवर आहे हे मी तिथे सगळ्यांना सांगितलं. सांगून वळते तर आमचा उडता तंबू खरोखर उडाला. औषधवालीने खुंट्या लावल्याच नव्हत्या, म्हणे आपोआप उघडणाऱ्याला कशाला हव्यात. तो माळावरून गडगडत निघाला, आत माझं अंथरूण, तिची औषधांची पेटी आणि माझी कवळी ठेवलेला डबा. पुढे तंबू, मागे शिट्टी वाजवत कर्नल, त्यांच्या मागे मी, तोंडावर हात धरून. मुलं हसून लोळत होती. तळ्याच्या अलीकडच्या झुडपात तो अडकला आणि फाटला. कवळी सापडली.

आता झोपायचं कुठे? औषधवालीला स्वयंपाकाच्या तंबूत जागा मिळाली. मी अंथरूण घेऊन थेट मुंगीच्या तंबूकडे गेले. खरं सांगायचं कबूल केलंय म्हणून सांगते, मला आनंदच झाला होता. कुणाला दोष न देता, वाऱ्याच्या नावावर, पोरीजवळ झोपायला मिळत होतं. दुसरी रात्र तिला एकटीला जड गेली असती, असंही मी मनाशी म्हणत होते.

मुंगी दारात उभी होती. मी म्हटलं, "सरक, आजीला जागा दे."

तिने आत बघितलं, मैत्रिणींकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. म्हणाली, "आजी, हा तिघींचा तंबू आहे."

"मी काय जाडी आहे का गं?"

"तसं नाही. मोठ्यांनी वेगळं झोपायचं, तुम्हीच ठरवलंय ना. तू आत आलीस तर मला रडू येईल आणि मग मी तुझ्याचजवळ झोपेन. मला बघायचंय, जमतं का." मग माझ्या हातातलं अंथरूण काढून घेतलं आणि म्हणाली, "चल, तुला स्वयंपाकाच्या तंबूपर्यंत सोडते."

आणि सोडलं. बटाट्याच्या पोत्याशेजारी माझं अंथरूण घातलं, पायाशी पांघरूण खोचलं, आणि गेली. मी रागावले. मग हसले. मग औषधवाली घोरायला लागली तेव्हा रडले. तिघींच्या तंबूतून हसणं ऐकू येत होतं, ते बराच वेळ चाललं होतं.

तिसऱ्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. मुंगी झोपली. सकाळी तंबू मिटून पिशवीत भरला, दांड्या मोजून, आणि कर्नलकडे स्वतः नेऊन दिला.

आज दुपारी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, तुझी आई म्हणते मी बोलावलं तर ती काम सोडून येईल. बोलावू?

"लगेच येईल?"

"लगेच."

"मग पूल कोण बांधणार?"

"दुसरं कुणीतरी बांधेल."

ती नखं खात होती, मी हातावर चापट मारली. मग म्हणाली, "नको बोलावू. मला रडू येतं ते सांग तिला. पण बोलावू नको."

तर सूनबाई, खरं कळवायचं ठरलं होतं, ते असं आहे. पोर झुरते. तू हवी आहेस म्हणून रडते आणि रडून झोपते. सकाळी उठून दात घासते आणि दिवसभर हुंदडते. कालपासून आपल्या खोलीत झोपायला लागली आहे, दार उघडं ठेवून. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे आणि मला झोप येत नाही, हेही खरं आहे, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

मलाही तू इथे हवी आहेस. या घरात माझ्याशी धड वाद घालायला तुझ्याशिवाय कुणी नाही. तुझे सासरे सगळ्याला हो म्हणतात आणि तुझा नवरा ऐकतच नाही. तू आज दारात उभी राहिलीस तर मी तुला पोटाशी धरीन, एवढं माझं मन झालंय. तरी मी लिहिते आहे, तो राजीनामा फाडून टाक. दोन्ही काठ जुळू देत. माणसं त्या पुलावरून पलीकडे गेलेली बघ, आणि मग सावकाश घरी ये.

पोर रडली तर मी आहे. तू रडलीस तर मला पत्र लिही.

तुझी सासू